खोक्यात मावेल तेवढी कला

मडके विकत घ्यायचे तर ते वाजवून घ्यावे, असे आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या. बोटाचे पेर मारले की पक्के भाजलेले मडके खणखणीत बोलते. कच्चे असेल किंवा कोठे केसासारखी चीर गेली असेल, तर आवाज बद्द येतो. ती चीर डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळते.

आता, वाचकहो, असे समजा की मडके तुमच्यासमोर नाहीच. समोर आहे ते नुसते त्याचे छायाचित्र. ते पडद्यावर काही क्षण दिसते आणि जाते, मग दुसरे येते, मग तिसरे. अशी हजारो छायाचित्रे बघून तुम्ही सांगायचे की ह्यांतले कोणते भांडे चांगले. हे काम जगातल्या नामवंत कलावंतांवर वरचेवर येऊन पडते. एकदा तर तिघा परीक्षकांनी मिळून सगळ्यांच्या सगळ्यांनाच नापास करून टाकले. ती हकीकत आम्ही पुढे सांगणार आहोत, पण आधी हा प्रकार काय आहे ते पाहू.

अमेरिकेत कुंभारकाम हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे. रसायनशास्त्राची पदवी घ्यावी तशी मातीच्या कामाची पदवी घेता येते. ह्या विद्यापीठांना स्वतःच्या कलादालने असतात आणि त्यांत वेळोवेळी आजच्या मृत्कलेची प्रदर्शने भरतात. त्यांतल्या काहींना कोणीही कामे पाठवावीत असे जाहीर आवाहन असते. आलेल्या कामांतून एक किंवा दोन-तीन परीक्षक निवड करतात, निवडलेली कामे मांडली जातात, त्यांतल्या थोड्यांना बक्षिसे मिळतात, आणि बाकीच्यांना नकाराचे पत्र जाते. मृत्कला म्हणजे नुसती गाडगी-मडकी मात्र नव्हेत. चहाची किटली असते तशी माणसाच्या उंचीची मूर्तीही असते, भिंतीवर लावायची फरशी असते, आणि कित्येकदा अशीही वस्तू असते की तिला काय म्हणावे हे करणाऱ्यालाही ठरवता आलेले नसते. अट एकच, माती असावी आणि ती भट्टीतून भाजून निघालेली असावी.

ह्या सर्व प्रदर्शनांत आम्हांला एक फार आवडते, आणि त्याचे नाव ऐकून हसू येईल. त्याचे नाव ऑर्टन कोन बॉक्स प्रदर्शन. कॅन्सस राज्यात बाल्डविन सिटी नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १८५८ साली स्थापन झालेले बेकर विद्यापीठ आहे. १९७० नंतरच्या दशकात सुरू झालेले हे प्रदर्शन पुढे ह्या विद्यापीठात नांदले, आणि तेथील कलेच्या प्राध्यापिका इंगे बाल्च ह्यांनी ते नेटाने चालवले. त्याचा नियम असा, की पाठवलेली कलाकृती ऑर्टन कंपनीच्या मोठ्या कोनांच्या खोक्यात मावली पाहिजे. हे खोके तीन इंच रुंद, तीन इंच खोल आणि सहा इंच लांब असते. त्यापेक्षा काडीभरही मोठे चालणार नाही!

हा कोन म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय ह्या नियमातली गंमत कळायची नाही. भट्टी आतून लाल होते, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरी. पूर्वीचा कुंभार हा रंग बघून अंदाज बांधी, आणि अंदाज चुकला की महिन्याभराची मेहनत राख होई. १८८६ साली बर्लिनमध्ये हेर्मान झेगर नावाच्या रसायनज्ञाने ह्यावर युक्ती काढली. मातीवर जी काचेसारखी झिलई चढवतात, तिच्याच जातीच्या मिश्रणाचे त्याने बोटाएवढे निमुळते सुळके केले. प्रत्येक सुळक्याचे मिश्रण वेगळे, म्हणून प्रत्येक जण वेगळ्या उष्णतेला वाकतो. पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन ह्यांनी १८९४ साली ओहायोच्या विद्यापीठात मृत्तिका-अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले आणि दोन वर्षांनी असे सुळके तयार करून विकायला काढले. तेच हे कोन. भट्टीच्या दाराला छोटे भोक असते, त्यातून दिसतील असे तीन कोन ओळीने उभे करतात. पहिला वाकला की कुंभाराने सावध व्हायचे, दुसऱ्याचे टोक खाली टेकले की भट्टी बंद करायची, आणि तिसरा ताठ उभा असेल तर समजायचे की आच जास्त झालेली नाही. दहा नंबरचा कोन साधारण १,२८० ते १,३०० अंश सेल्सिअसला मान टाकतो. गंमत अशी की तो नुसते तापमान सांगत नाही. आच किती वेळ लागली तेही त्याच्या वाकण्यात मोजले जाते. भाकरी तव्यावर किती वेळ होती हे तिच्या रंगावरून कळते, तसेच हे.

असे पन्नास कोन मावणारे खोके जगातल्या बहुतेक कुंभारांच्या कपाटात पडलेले असते. कोन संपले की खोके रिकामे, फेकून द्यायच्या लायकीचे. ह्या खोक्यालाच कोणी प्रदर्शनाचे माप करील असे एरवी कोणाच्या मनात आले नसते.

आपण बेटावर राहणारी माणसे. बाहेरची वस्तू इकडे आणायची किंवा इकडची बाहेर पाठवायची म्हणजे काय खर्च असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जहाजाने पाठवावी तर महिने जातात, विमानाने पाठवावी तर वस्तूपेक्षा भाडे जड. त्यातून ती वस्तू मातीची! तिला पेंढा घाला, कागद घाला, लाकडी पेटी करा, वर "फुटणारी वस्तू" असे मोठ्या अक्षरांत लिहा, तरी पोहोचेपर्यंत जीव टांगणीला. कमरेइतका रांजण करणाऱ्या कलावंताला दूरदेशीच्या प्रदर्शनात भाग घ्यायचा तर त्याच्यामागे पैसेवाली संस्था तरी हवी किंवा घरचे तरी गडगंज हवे. पण वीतभर लांबीची वस्तू टपालाने जाते. कॅन्ससमधला प्राध्यापक आणि दुसऱ्या गोलार्धातला एकटा कुंभार, दोघांनाही सहाच इंच. एकाची भट्टी खोलीएवढी आणि दुसऱ्याची डब्याएवढी असली तरी तेथे फरक पडत नाही. कलेच्या जगात इतका सरळ न्याय फार ठिकाणी सापडत नाही.

तरी हे काम सोपे आहे असे कोणी समजू नये. माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. दगडी जातीची माती एकूण शेकडा बारा-तेराने सहज लहान होते, आणि चिनी माती त्याहूनही जास्त. म्हणजे भट्टीतून सहा इंचांचे पात्र बाहेर यायला हवे असेल, तर चाकावर ते पावणेसात इंचांहून थोडे जास्तच ओढावे लागणार. हिशेब थोडा चुकला तर झाकण लागत नाही, आणि भाजलेली माती कानस घेऊन किती घासणार? शिवाय लहान वस्तूत चूक लपत नाही. मोठ्या रांजणावर झिलईचा एखादा ओघळ शोभून दिसतो, तोच ओघळ तीन इंचांच्या कपावर आला की कप बाद. बोटे जाड असली तर लहान किटलीची तोटी आतून गुळगुळीत करता येत नाही. मोठ्या आकाराचे नुसते दडपणही बघणाऱ्यावर काम करत असते. दालनात शिरताच डोक्यावरून उंच काहीतरी उभे दिसले की आपण आधी दबतो, चांगले-वाईट मागाहून ठरवतो. लहान वस्तूला ही सवलत नाही. तिच्याजवळ जाऊन वाकून बघावे लागते.

आता ती नापासांची हकीकत.

न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज नावाचे शहर आहे. तेथे ॲडलेड ऑल्सप रॉबिनो नावाच्या बाई राहत. १८६५ साली जन्मलेल्या ह्या बाईंनी चिनी मातीच्या कामात मोठे नाव मिळवले. भुंगेऱ्यांच्या नक्षीचा त्यांचा एक कलश आहे. तो १९१० साली केलेला, आणि त्यावर कोरीवकाम करायला हजारांवर तास लागले असे सांगतात. पहिल्या भाजणीत त्याला तळाशी चिरा गेल्या. दुसरे कोणी असते तर तो फेकून दिला असता. बाईंनी त्या चिरा भरल्या, पुन्हा झिलई दिली, पुन्हा भाजला, आणि पुढच्या वर्षी इटलीत तुरिन येथे त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. शेवटची काही वर्षे त्या सिराक्यूज विद्यापीठात शिकवत होत्या. १९२९ साली त्या वारल्या. तीन वर्षांनी तेथील कलासंग्रहालयाच्या संचालिका ॲना ओल्म्स्टेड ह्यांनी त्यांच्या स्मरणार्थ मातीच्या कामाचे प्रदर्शन भरवले. ते वाढत वाढत साऱ्या देशाचे झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्याचा मोठा दबदबा राहिला. तेथे निवड झाली की कुंभाराला नाव मिळे, नाव मिळाले की नोकरी मिळे. संग्रहालयालाही १९६८ साली आय. एम. पेई ह्या विख्यात वास्तुविशारदाने बांधलेली नवी इमारत मिळाली. हेच ते एव्हर्सन संग्रहालय.

१९७२ साली ह्या प्रदर्शनाच्या निवडीला तीन परीक्षक बसले. त्यांतले पीटर व्होल्कोस हे तर त्या काळातले सर्वांत गाजलेले नाव. त्यांनीच मातीला भांड्यांच्या जातीतून उठवून शिल्पाच्या पंगतीत बसवले, असे म्हणतात. विशेष म्हणजे तरुणपणी १९५० साली त्यांनाही ह्याच प्रदर्शनाने बक्षीस देऊन पुढे आणले होते. दुसरे रॉबर्ट टर्नर, मोठे शिक्षक आणि शांत, भरदार भांड्यांचे कर्ते. तिसरे जेफ श्लँगर. देशभरातून सुमारे साडेचार हजार पारदर्शिका आल्या होत्या. तिघांनी त्या पाहिल्या आणि निकाल दिला, एकही नको! त्याऐवजी निवडक कलावंतांना निमंत्रण देऊन प्रदर्शन भरवण्यात आले. कुंभारमंडळींत केवढा गहजब झाला असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी. चाळीस वर्षांची परंपरा तेथे तुटली. ते राष्ट्रीय प्रदर्शन पुन्हा भरायला १९८७ साल उजाडले.

ह्या निकालाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. कोणी म्हणाले, परीक्षकांना साधी भांडी करणारे लोक खुपत होते. कोणी म्हणाले, सगळ्यांना दारे उघडी ठेवणारी प्रदर्शने आता जुनी झाली. आम्हांला स्वतःला विचाराल तर परीक्षकांचे अर्धे बरोबर होते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरे, पण त्या परमेश्वरालाही मडके हातात द्यायला नको काय? छायाचित्रात वजन कळत नाही. एखादा कप दिसायला जाड दिसतो आणि उचलला की पिसासारखा हलका लागतो, ह्यात करणाऱ्याचा सगळा हात आहे, आणि तो चित्रात येत नाही. झाकण फिरवून बघितल्यावर ते चपखल बसते की खडखडते, तोटी धार नीट तोडते की पाणी किटलीच्या पोटावरून ओघळते, काठाला ओठ लावला तर खरखरीत लागतो की मऊ, ह्यांतले काहीही पडद्यावर दिसायचे नाही. जाणते लोक भांडे हातात आले की आधी ते उलटे करतात. बुडाशी जे कडे असते ते कसे तासले आहे ह्यावरून करणारा किती समजदार आहे ते त्यांना कळते. पारदर्शिकेला बूड कोठून असणार? उलट चांगला छायाचित्रकार आणि दोन दिवे मिळाले तर सुमार भांडेही राजघराण्यातले दिसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसेच हे.

पण त्यांचे अर्धे चूकच होते. चित्रावरून निवड होत नाही असे वाटत होते तर ते आधी सांगायचे. साडेचार हजार चित्रे आल्यावर सर्वांना एकच नकार देणे म्हणजे शाळेने साऱ्या वर्गाला शून्य गुण देण्यासारखे आहे. अशा वेळी वर्ग वाईट होता की परीक्षा, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. आणि ज्याला स्वतःला त्याच दाराने आत घेतले गेले, त्याने दार बंद करताना थोडे थांबायला हवे होते.

परीक्षकांचे हे लोढणेच नको असे काही ठिकाणी ठरवले गेले. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट गावी स्क्रिप्स कॉलेज आहे. तेथे १९४५ सालापासून मृत्कलेचे वार्षिक प्रदर्शन भरत आले आहे आणि अमेरिकेतले इतके दीर्घ काळ चाललेले असे दुसरे नाही. तेथे कोणी अर्ज करत नाही. एखाद्या कलावंताकडे निवड सोपवतात आणि तो आपल्याला आवडणाऱ्यांना बोलावतो. पॉल सोल्डनर ह्यांनी कित्येक दशके हे काम पाहिले. ते व्होल्कोस ह्यांचेच विद्यार्थी. ह्या पद्धतीत प्रदर्शन एकजीव दिसते ह्यात शंका नाही. पण ज्याला कोणी ओळखत नाही त्याला कोण बोलावणार? बोलावणे ओळखीने जाते, आणि ओळख बेटापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो.

भारतात २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात मृत्कलेचे पहिले त्रैवार्षिक प्रदर्शन भरले, तेव्हा तिसराच मार्ग घेतला गेला. तेथे झालेली वस्तू मागवण्याऐवजी काय करणार त्याची योजना मागवली आणि त्यांतून निवड केली. ज्याचे म्हणणे पटले त्याने मग ते घडवायचे. ह्यात चित्राने फसण्याचे भय नाही, मात्र ज्याला चांगले लिहिता येते त्याचे फावते, हेही खरे. ते केंद्र चार्ल्स कोरिया ह्यांनी नवग्रहांच्या नऊ चौकोनांवर बांधलेले आहे. पोर लुईमधली एल. आय. सी. ची इमारत ज्यांनी रोज पाहिली आहे त्यांना ह्या वास्तुविशारदाचा हात ओळखीचा आहे.

मातीचे काम आणि कलाशाळा ह्यांची गाठ आपल्या लोकांच्या मुलखातही जुनीच आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८७० नंतर जॉर्ज टेरी ह्यांच्या देखरेखीखाली झिलईदार भांडी होऊ लागली. तेव्हा त्या शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करत होते, आणि त्यांतल्या आकृती ह्या भांड्यांवरही उतरल्या. त्यांतली काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आपले आजे-पणजे कोकणातून निघून ह्या बेटावर उसाच्या शेतांत राबत होते, त्याच काळात ही भांडी परदेशी जात होती. एका बोटीत माणसे आणि दुसऱ्या बोटीत माती, असे आम्हांला कधी कधी वाटते.

हे सगळे आपल्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच संस्थेत ललित कलांचा विभाग आहे हे ठाऊक असूनही आपण मुलांना तिकडे पाठवायला बिचकतो. मुलगा हिशेबनीस व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी, निदान सरकारी नोकरी लागावी. ज्यांच्या वाडवडिलांचे हात मातीत राबून सोलवटले त्यांना पोराने पुन्हा मातीत हात घालावा हे रुचत नाही, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. पण "कुंभारकाम काय शिकायचे?" असे म्हणणाऱ्याने एवढे तरी जाणावे की आज त्या कामाला रसायन लागते, गणित लागते, आणि आकसणाऱ्या मातीचा हिशेब बँकेच्या हिशेबाहून सोपा नाही. आणि नकाराचे पत्र घरी आले म्हणजे पोर वाया गेले असेही नाही. १९७२ सालच्या त्या साडेचार हजार चित्रांत कितीतरी चांगली भांडी असलीच पाहिजेत.

ज्या घरात असे पोर असेल त्यांनी एक करून पाहावे. जाड पुठ्ठा घ्यावा आणि साडेसात सेंटिमीटर रुंद, तेवढेच खोल आणि पंधरा सेंटिमीटर लांब असे खोके चिकटवावे. मग घरातल्या मातीच्या वस्तू एकेक करून त्यात घालून बघाव्यात. दिवाळीची पणती सहज जाते, तीन-चारही जातील. कलशावर ठेवायचे मातीचे झाकण बहुधा अडेल. चतुर्थीचा घरचा गणपती मात्र त्यात मावला तरी चालणार नाही. तो कच्च्या मातीचा असतो आणि कच्चाच असावा लागतो. सुमारे सहाशे अंशांची आच लागली की मातीच्या अंगातले बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती कधीही पुन्हा चिखल होत नाही. भाजलेला गणपती नदीत विरघळायचा नाही.